पाव फेरा

सुपीरियर तलावावरचा वारा
गॅरेजच्या दारात थांबत नाही,
कुणी ये म्हणण्याआधीच आत.
ऑक्टोबर. थंडर बेला आता कधीही बर्फ.

ताइस्तो उलट्या बादलीवर, उजवा हात गळ्यात.
सॉनाच्या पायरीवरून घसरला
(शेजाऱ्यांनी विचारलं तर छपरावरून).
म्हणून यंदा गाडीखाली मी,
एकसष्टाव्या वर्षी पुठ्ठ्यावर उताणी,
त्याचा ढगळ डगला अंगात, कपाळावर त्याचाच दिवा.

"इंजिन दहा मिनिटं चालवलंस?"
चालवलं.
"हँडब्रेक?"
ओढला.
"मागच्या चाकांना ओंडके?"
तुझ्यासमोर लावले, ताइस्तो.

अकरा वर्षं हिच्यात बसतेय,
पण खालून ही माझ्या ओळखीचीच नाही.
मिठानं खाल्लेले नट, वाळका चिखल,
आडव्या दांडीत अडकलेली स्प्रूसची एक डहाळी,
कुठल्या उन्हाळ्यातली कोण जाणे.
वरच्या सीटा, हीटर, माझा कॉफीचा मग,
सगळा संसार ह्या काळ्या पोटावर चाललेला.

चौदाचा पाना. डावीकडे सैल.
पण उताणं पडल्यावर डावं कुठलं?
आधी चुकीच्या बाजूला जोर लावला. सांगितलं नाही.
मग बोल्ट सुटला, बोटांतून निसटला, भांड्यात बुडाला
आणि तेल आलं,
मनगटावरून थेट कोपरापर्यंत, काळंभोर,
तापातल्या माणसाच्या कपाळाइतकं ऊन.
धार. धारेची दोरी. दोरीचे मणी.
दोघंही गप्प बसून मणी मोजत राहिलो.
चाळीसनंतर तो म्हणाला, "पुरे. बोल्ट लाव."

आता फिल्टर.
ह्या घरात एक वाक्य चौतीस वर्षं ऐकतेय :
हातानं आवळायचा, मग पाव फेरा, बास.
मुलाला सांगून झालं, जावयाला,
चर्चच्या नव्या पास्टरलासुद्धा,
ज्याच्याकडे गाडीच नव्हती.

फिल्टर हलेना.
नुसत्या हातानं हलेना, फडकं धरून हलेना,
पट्ट्याचा पाना लावला तर तो घसरून माझीच बोटं सोलली.
"ताइस्तो, हा कुणी आवळलाय?"
बादली जरा करकरली.
"उणे तीस होतं तेव्हा. थंडीत आकसतं."
काय आकसतं? लोखंड, की शब्द?

उत्तर यायला वेळ लागला.
तोवर मी खालून त्याचे बूट बघत होते.
डाव्याची नाडी एका हातानं बांधता आली नव्हती त्याला.
"पाव फेऱ्यावर माझा हात थांबतच नाही," तो म्हणाला.
"टेरेस बेच्या रस्त्याला तू एकटी असतेस.
मधे कुठे फोनही लागत नाही."

दर पंधरवड्याला जाते मी तिकडे,
म्हाताऱ्यांच्या कानांत यंत्रं बसवायला.
लोकांना ऐकू यावं ह्याचा पगार घेते.

शेवटी दोन्ही हातांनी, पाय चाकाला रेटून,
एक शिवी फिनिशमध्ये, एक इंग्रजीत,
आणि सुटला.
जुनी रबरी चकती इंजिनलाच चिकटून राहिली होती,
ती नखानं सोलून काढली.
नव्या चकतीवर बोटानं नवं तेल, मधाच्या रंगाचं.
फिरवला. टेकला. पाव फेरा.
थांबले.
पुन्हा ते बूट पाहिले.
मग आणखी जरासा. मग आणखी.

वरून तेल ओतलं, पाच लिटर आणि थोडं.
मी इंजिन लावलं तसा तो गुडघ्यावर बसून खाली वाकला,
डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना.
एक थेंब नाही.

भिंतीवर पेन्सिलीनं, त्याच्या आकड्यांच्या रांगेखाली,
किलोमीटरचा माझा पहिला आकडा लिहिला.
सात जरा वाकडा आला.
"किती फिरवलास?" त्यानं विचारलं.
पाव, मी म्हणाले.