उतारावर

दोन वर्षं मी ओमनी कपेलाच्या उतारावरच लावली.
तोंड खाली, पुढच्या चाकांना चिऱ्याचे दोन तुकडे.
रिवणात कुणी विचारलं नाही का.

पहाटे पाचला इनास यायचा,
स्वेटर उलटा, कानांवरून पंचा,
चिरे काढून मागे उभा राहायचा.
मी दुसऱ्या गियरात क्लच सोडायची.
मागे मिरचीची पोती, मुळे, वालाच्या शेंगा,
गाडी एकदा शिंकायची, मग पेटायची,
आणि आरशात इनास धुक्यात विरघळायचा.

इथली थंडी म्हणजे
पुण्याच्या माणसाला हसू येईल एवढीच.
पण मे महिन्यात चावीवर चालू होणारी गाडी
जानेवारीत कण्हायची,
म्हणून मी म्हणायची, बॅटरी बरी आहे,
थंडीच मेली वाईट.

मग एका पहाटे उतारही संपला.
शिंक नाही, काही नाही.
पुलाच्या अलीकडे सपाटीवर थांबले,
डॅशबोर्डवर एक लाल ठिपका, तोही पेंगलेला.
इनास धापा टाकत आला, म्हणाला,
आता फुडें न्हंयच उरली.

कुडचड्याला सगुणच्या दुकानात
दोन वायरी लावल्या त्यानं. बारा पॉइंट एक.
"चावी फिरव." आठाच्या खाली.
"ही मेमध्येच मेली, बाय.
उन्हानं मारली. थंडी फक्त सांगायला आली."

फळीवर तीन होत्या.
मी किंमत बघत होते, तो पाठीवरचे आकडे.
"हा आकडा म्हणजे मडक्यात पाणी किती.
आणि हा बारीक अक्षरातला,
मडकं गारठलेलं असताना
एका दमात किती ओततं तो.
तुझं दुखणं दुसरं आहे."

सर्वांत स्वस्त ती दोनशे वीसवर अडत होती.
सर्वांत मोठी ट्रेत बसतच नव्हती,
आणि तिचा अधिक उजवीकडे, माझी वायर डावीकडे;
ताणून लावतात काही लोक, तो म्हणाला,
आणि मग रस्त्यात देवाला हाक मारतात.
मधली दोनशे ऐंशीची.
ती त्यानं फिरवून तळाशी कोरलेला महिना वाचला
आणि परत ठेवली. पंधरा महिन्यांची.
"दुकानात निजलेली घरी जाऊन जागी होत नाही."
आतून दुसरी आणली, तीच, पण नोव्हेंबरची.

चार हजारांना शंभर कमी. जुनीचे सहाशे वजा.
क्लिपांवरची हिरवी बुरशी
गरम पाण्यानं धुतली, वर व्हॅसलीन फासलं,
इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजलं. चौदा पॉइंट एक.
"म्हणजे भरणारा हात धड आहे," तो म्हणाला.
जुनी मीच उचलून ढिगाऱ्यात नेली.
मेलेली वस्तू इतकी जड असते
हे वाटेत कळलं.

दुसऱ्या दिवशी पाचला
चावी अर्धीच फिरली असेल.
शिंक नाही. कण्हणं नाही.
अशी सरळ उठली की मीच दचकले.

इनास आलाच होता.
चिरे काढून मागे गेला,
दोन्ही तळहात दारावर टेकवले, पाय रोवले,
आणि गाडी त्याच्या हातांतून आपोआप निघून गेली.

आरशात बघितलं.
हात अजून तसेच, पुढे केलेले,
मध्ये नुसतं धुकं.

ब्रेक दाबला. तो हळूहळू आला, काचेशी वाकला.
"बाय, मागीर हांव कितें करूं?"

"बस आत. मुळ्यांच्या पेंड्या मोज."

संध्याकाळी परतलो तेव्हा
शाळेसमोरचं पटांगण मोकळं होतं, सपाट, दिव्याखाली.
मी कपेलाच्या उतारावरच लावली.
चिरे सकाळी टाकले तिथेच होते.