कोर्टावर

होळीच्या सुट्टीचा चौथा दिवस.
रूममेट पचमढीला. दुसरी गोंदियाला, मावसबहिणीच्या लग्नात.
मी इथंच, रविनगरला, दुसऱ्या माळ्यावर,
उशाशी पुराव्याचा नवा कायदा:
कलमं बहुतेक तीच, नंबर बदललेले,
आणि मला पाठ आहेत जुने.

सकाळी तर्री-पोहे. ठेलेवाला विचारतो,
"काहून जी, गावाले नाही गेल्या?"
मी म्हणते, अभ्यास आहे.
हे विधान शपथेवर केलेलं नाही.

दुपारी बर्डीवर सिनेमा, बाराचा खेळ.
मला धरून अकरा माणसं,
त्यातली तीन एसीसाठी आलेली, झोपलेली.
मार्चमध्येच स्कूटीच्या सीटवर ओढणी टाकून बसावं लागतं,
त्यांचं काही चुकलं नाही.
पडद्यावर न्यायाधीश हातोडा आपटतात
आणि मी एकटीच हसते.
भंडाऱ्याच्या कोर्टात हातोडा नाही.
एक पंखा आहे, तो आवाज करतो.
मग शेवटच्या क्षणी दार उघडून साक्षीदार येतो,
यादीत नाव नाही, कुणाला कळवलेलं नाही,
समोरचा वकील नुसता घाम पुसतो!
मी कुजबुजत हरकत घेते.
मागून एक काका: "पाहू द्या ना बाप्पा."
हरकत फेटाळली.

दुसऱ्या दिवशी दुसरा सिनेमा.
त्यात कोर्ट नव्हतं, समुद्र होता बहुतेक.

पाच वाजून गेले की सिमेंट निवायला लागतं.
तेजल भोयर येते, नाझिया येते पाण्याचा कॅन घेऊन,
पॉलिटेक्निकची दोन पोरं, ज्यांची नावं आम्ही विचारली नाहीत.
फ्री-थ्रोच्या रेषेवर धुळवडीचा गुलाबी डाग,
त्यावर कुणी मुद्दाम पाय देत नाही.
ढोमणे सर पोस्टातून रिटायर झालेले,
त्यांना पंच कुणी नेमलं नाही.
शिट्टी नाही, दोन बोटं तोंडात.
"पावलं झाली!"
निकाल जागच्या जागी, पुढची तारीख नाही.
अपील केलं तर कॅन भरून आणावा लागतो.

फोन वाजतो. आई.
"कुठी आहेस?"
"कोर्टावर."
"कोर्टात? आज सुट्टी आहे ना कोर्टाले?"
"कोर्टावर, आई. वर."

कोर्टाच्या फाटकाशी तिचं टायपिंगचं टेबल आहे,
वीस वर्षं लोकांच्या शपथा तिच्या बोटांतून गेल्या.
एकदा 'वारस'ला काना जास्त लागून 'वारसा' झाला
आणि दोन सख्खे भाऊ तिच्या टेबलासमोरच भांडले.
प्रत्ययाचा फरक तिला मी काय सांगणार?
ती थोडा वेळ गप्प.
मागे कुणीतरी झेरॉक्सचा भाव विचारतंय.
मला वाटतं आता विचारेल, इंटर्नशिपचं काय झालं.
ज्यांचं पत्र यायचं होतं ते आलंय,
दोन ओळींचं, फार सभ्य भाषेत,
आणि म्हणून मी भंडाऱ्याला गेले नाही.
"गुडघ्याले पट्टा बांधला का?" एवढंच म्हणते.
"बांधला," म्हणते मी.
मग खाली वाकून खरंच बांधते.

बॉल एकदा रिंग आणि फळीच्या मध्ये अडकला.
तो काढायला नाझियानं चप्पल फेकली, तीही अडकली.
वीस मिनिटं आम्ही सगळे वर बघत उभे,
इतकं शांत या वर्षात पहिल्यांदा वाटलं.

नऊला दिवे जातात.
एक शेवटचा म्हणून मी अंधारातच रिंगखाली शिरते.
बॉल सुटतो, दिसत काही नाही,
फक्त जाळीची सळसळ, की तसा भास.
ऐकीव पुरावा, मी म्हणते.
(वर्गात म्हणतील, ऐकीव म्हणजे हे नव्हे.)
अंधारातून ढोमणे सर:
"दोन!"

तेजल म्हणते, पावलं झाली होती.