बघण्यासारखं

मालक म्हणाले, बाईंना एक दिवस गाव दाखवून आण.
काय दाखवायचं, ते नाही म्हणाले.
ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाला
आम्ही आजवर टॉवेलच दाखवत आलो.

देसांका तिचं नाव. गावाचं नाव तिनं दोनदा सांगितलं,
माझ्या जिभेवर ते बसलं नाही.
नदीचं मात्र बसलं : सावा.
मी म्हटलं, आमच्याकडे सावा शिजवून खातात.
इरण्णानं आरशातून माझ्याकडे बघितलं
आणि गाडी भुईकोटाकडे वळवली.

किल्ल्यात शिरलो.
बुरुजाच्या दगडावर बदाम, बदामात दोन नावं,
एक नंतर खरवडलेलं.
ती हसली. आमच्याकडेही अस्संच, म्हणाली,
किल्ला नदीकडे तोंड करून बसलाय
आणि पोरं-पोरी किल्ल्याकडे पाठ करून.
मग विचारलं, ह्याची नदी कुठंय?

मी खंदक दाखवला. तलाव दाखवला,
तलावातलं देऊळ, देवळाखालचे मासे.
सगळं बघून झाल्यावर
तिनं तेच विचारलं, पोराच्या हट्टानं.
चाळीस किलोमीटर, मी म्हणालो.
"चला की मग," इरण्णा म्हणाला, "डबा हाय बगा."

गाव सुटता सुटता एक उरलेली चिमणी दिसली.
हा मिनार कुणाचा?
एका भोंग्याचा, मी म्हणालो.
भोंगा बंद पडला तरी माझे वडील
त्याच्या आधी पाच मिनिटं उठायचे,
अंघोळ करून, भांग पाडून
उंबऱ्यावर बसून राहायचे.
हे इंग्रजीत सांगताना फार छोटं झालं.
तिनं मान हलवली : आमच्याकडे साखरेचा होता.

मंद्रूपच्या पुढं बाभळी, ज्वारीचे सड, ऊन.

हत्तरसंग कुडल.
एका लिंगाच्या अंगावर शेकडो चेहरे.
ती मोजायला लागली, बावन्नला चुकली,
परत एकपासून.
मी सभामंडपातली तुळई दाखवली,
वर जुनी, फार जुनी ओळ आहे,
वाचील तो जिंकेल असं काहीतरी सांगते, म्हणतात.
वाच, ती म्हणाली.

मी मान वर करून उभा.
माझी अक्षरं मला तिथं भेटेनात.
वडिलांची वहीसुद्धा अशीच, तेलुगूतली,
हातमागाच्या देण्याघेण्याची; ट्रंकेत आहे.
इरण्णा रोज कानडी पेपर वाचतो,
तोही ओठ हलवून थांबला.
ती म्हणाली, आम्ही एकच बोली
दोन लिप्यांत लिहितो
आणि कुठल्या फळ्यावर कुठली, ह्यावरून भांडतो.
"म्हंजे हरलो तिघंबी," इरण्णा म्हणाला, "जेवून घेऊ."

कडक भाकरीला तिनं आधी ताटच समजलं,
तिच्यावर शेंगाचटणी वाढून घेतली
आणि ताटाच्या आत काय, याची वाट बघत बसली.

मग संगम. एप्रिलचा.
सीना हात हलवत आलेली.
भीमेत धरणानं सोडलेलं तेवढं पाणी, शेवाळी, गप्प.
दोन नद्या? तिनं विचारलं.
हो, मी म्हणालो. पावसाळ्यात.

तिनं बूट काढले, घोट्यापर्यंत आत गेली.
बराच वेळ उभी होती, पाठमोरी.
तिच्या गावचा पूल दोनदा पडला,
दोनदा बांधला, एवढं बोलली.
मी कुठं पडला, कुणी पाडला विचारणार होतो.
पलीकडं एक बाई म्हशी धूत होती,
एका म्हशीला शिव्या देत, एकीला नाही.

बाहेर आली तर पाय पुसायला काही नाही.
गाडीत फक्त नमुना होता : पांढरा, जाड,
कागदात गुंडाळलेला, उद्याच्या बैठकीचा.
मी नको म्हणेपर्यंत तिनं उलगडला.
एक पाय पुसला. थांबली. दुसरा पुसला.
"पितो," ती म्हणाली.
आठ वर्षांत आमच्या मालाचं
इतकं साधं कौतुक कुणी केलं नव्हतं.

रात्री मालकांनी विचारलं,
काय म्हणाल्या बाई? आवडलं का काही?
किल्ला आवडला, मी म्हणालो.

टॉवेल माझ्या खणात आहे.
मातीचा डाग वाळून करडा झालाय,
टाचेएवढा.
वहीत नोंद करायची राहिली :
नमुना नग एक, आणि पुढं
काय लिहावं, ते अजून सुचत नाही.