दुसरा नमुना

फॉर्म मीच भरला होता, निळ्या पेनाने.
कुंदा हेडाऊ, वय एकोणतीस, तांडापेठ.
ताप चार दिवस. खोकला. धाप.
गरोदर: होय, सातवा महिना.
प्रवास?
"गोळीबार चौकापावतर जाते, तेबी पायी,"
मास्कच्या आत ती हसली, आणि खोकली.
मी लिहिलं: नाही.
पाच मिली रक्त. नमुना पहिला.

दुसरा एकवीस दिवसांनी घ्यायचा असतो.
एकट्या रक्तावर आमचा भरवसा नाही.
आधी दहा, मग चाळीस, निदान चौपट वाढ,
तेव्हा कुठे आम्ही सही करतो की हो, हाच तो ताप.
म्हणजे जो जगला
त्याच्याच आजाराची इथे खात्री होते.

इंदोऱ्याचा दीक्षांत विसाव्याच दिवशी आला,
परीक्षा आहे म्हणाला, लवकर टोचा.
मोमिनपुऱ्याचे शकूरभाई नातवाचा हात धरून.
रॅकमध्ये नळ्या जोडीजोडीने उभ्या राहिल्या,
सतरा नंबरची तेवढी एकटी.

एकविसाव्या दिवशी दारात एक माणूस.
डोकं नुकतं भादरलेलं, केस काट्यांसारखे वर आलेले.
"तिची तारीख होती ना जी आज.
ते तं नाई. माझं घ्या."
असं घेता येत नाही, मी सांगणार होते.
त्याने बाही वर केलेली होती.

व्यवसाय: पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर क्लीनर.
ताप आला होता? "नाई."
सर्दी? "धुळीची असतेच मॅडम."

छप्पन्न अंशांवर अर्धा तास,
मग खळग्याखळग्यांतून निम्मं, निम्म्याचं निम्मं,
वरून विषाणू, त्यावर कोंबडीच्या रक्तपेशी.
जिथे शरीराने विषाणूला अडवलं
तिथे पेशी तळाशी बसतात, शर्टाच्या लाल गुंडीएवढ्या.
जिथे नाही, तिथे नुसती जाळी.
गुंडी खरी की खोटी ते बघायला तबकडी तिरपी धरतात.
खरी असली तर ओघळते.

दहा, वीस, चाळीस, ऐंशी.
चारही ओघळल्या.

कोणाकडून कोणाला गेलं
हे या चाचणीत दिसत नाही.
त्याने घरी आणलं, की तिच्या उशापाशी बसून घेतलं,
की दोघांनी एकाच गर्दीतून.
ऐंशी हा आकडा आहे. त्याला दिशा नसते.
हे मला पाठ आहे.
तरी फॉर्मवरचं माझं निळं "नाही"
मी दोनदा काढून पाहिलं.

कागद त्याने उलटा धरला, मग सुलटा.
"ऐंशी. चांगलं हाये का?"
"चांगलं आहे जी. तुम्हाला हा ताप आता सहसा होणार नाही."
तो बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, "साडेपाचची गाडी आहे बैद्यनाथ चौकातून.
जाऊ मी?"

त्याची नळी कुठल्याच जोडीत बसत नव्हती.
नियमाने ती वेगळ्या रॅकमध्ये जायला हवी.
मी सतराच्या शेजारी ठेवली,
आणि नोंदवहीत ती जागा
रिकामी दाखवली.