करंगळी

राजारामपुरीत, तिसऱ्या गल्लीत, काचेच्या दारामागं
गार हवेत उभी मी, चपला बाहेर काढून,
आणि पोरगं म्हणतंय, चपला घाला मावशी,
देऊळ न्हाई हे.

तेरा हजार नऊशे नव्व्याण्णव.
एक रुपाया कशाला सोडला असंल, विचारलं.
इम्तियाज हसला. मालकाला ठाऊक, म्हणाला.

माझा हिशेब कड्यांचा.
हुपरीत पैंजणाला कडी जोडते मी,
चिमट्यानं उचलायची, डाक लावायची, एक फुंकर, पुढची.
किलोमागं मिळतात ते पैसे मनात मांडून बघितले,
तर हा फोन निघाला
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वाकलेल्या मानेएवढा.

तो सांगत होता, कॅमेरा पन्नासाचा, बॅटरी दोन दिवस.
मी विचारलं, पडला तर?
माझा बटणाचा दोनदा हौदात पडलाय.
तांदळाच्या डब्यात निजवला, सकाळी उठला.
सातचा आकडा पुसलाय त्याचा,
तरी त्रिशलाच्या नंबरातले दोन्ही सात
लाईट गेली तरी सापडतात मला.

अंगठा ठेवा मावशी, लॉक करून दावतो.
ठेवला. घेईना.
पदराला पुसून ठेवला. घेईना.
रेशनच्या दुकानात पण हेच,
मशीन म्हणतं, ही बाईच न्हाई.
चांदी घासता घासता रेघा गेल्या चांदीबरोबर,
वाजत असतील कुणाच्या तरी पायात.
तर्जनी न्हाई. मधलं न्हाई.
शेवटी करंगळी घेतली त्यानं, लगेच.
जिनं जन्मात काडीचं काम केलं न्हाई
ती म्हणे मी.

बांधू का?
बघते, म्हटलं.
पाडव्याला हजार कमी होतील, तो हळूच म्हणाला,
मालकाकडं पाठ करून.

केएमटीत सगळ्यांचे अंगठे वर सरकत होते.
माझा पिशवीच्या बंदावर.

घरी हातपाय धुते तोवर कुसुमवैनींची हाक,
या की, त्रिशलाचा फोटो आलाय!
रोजचंच. फोन त्यांचा, चहा माझा.
नाशकात दवाखान्याच्या पायरीवर उभी पोरगी,
पांढरा ड्रेस, उन्हानं डोळे बारीक.
वैनींनी दोन बोटांनी ताणून तोंड मोठं केलं.
सुकलीया गं, म्हणाल्या.

मला पाय बघायचे होते.
जाताना दिलेलं पैंजण घातलंय,
का ट्रंकेत पडलंय.
पण दुसऱ्याच्या काचेला बोट कसं लावायचं,
आणि काय सांगून?
तोवर काच काळी झाली.
तिच्यात वैनी, मी, आणि कपाचा कान.

पाडव्याला अजून एकवीस दिवस.
रात्री डब्यातल्या कड्या मोजल्या न्हाईत,
नुसती करंगळी आत घातली
आणि ढवळत बसले.