तीस दिवस

तीनदा मुदत मिळाली
की बेट सोडायचं,
तीस दिवस बाहेर राहायचं, असा नियम.
मारिविक म्हणाली, राइस कुकर तुझ्याकडे ठेव,
आले की घेईन.

एकोणीस वर्षं गारापानच्या आमच्या हॉटेलात
परक्यांच्या चादरी इस्त्री केल्या तिनं.
तिची बॅग लाँड्रीच्या काट्यावर
मीच तोलली:
साडेबावीस किलो.
एवढंच?
असं विचारलं नाही.

आज सत्तेचाळिसावा दिवस.
कोटा भरला, म्हणतात ऑफिसात,
आणि माझी फाइल
उगाच वरखाली करतात.
चिलर मी दुरुस्त करतो,
म्हणून त्यांच्या खोलीत थंड असतं.

कुकरच्या मापट्यात आतून
तिनं नेलपॉलिशची लाल रेघ ओढलीय,
एका माणसाच्या भाताची.
मी गुहागरचा. दोन वेळा भात.
मला ती पुरत नाही.
तरी तांदूळ रेघेवर चढू देत नाही.

काल इलोइलोहून फोन आला.
मुलानं दार उघडलं, म्हणाली,
बॅग आत घेतली,
पाणी दिलं,
मग विमानतळावर विचारतात तसं
विचारलं,
किती दिवस?

मी फोन कानाशी धरून
कुकरची वायर गुंडाळत होतो,
सोडत होतो,
गुंडाळत होतो.