लीड टू

श्वास रोखू नका, नेहमीसारखा घ्या.
हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते
आणि चाळीसही जण रोखतात.

दारूवाला पुलाशेजारी, पहिला मजला, खोली तीन.
हिरवा पडदा, त्याच्या दोन कड्या तुटलेल्या.
आज सकाळी अंकुश ढमढेरे, वय एकाहत्तर,
चक्कर येते म्हणून सुनेनं आणलेले.
सून बाहेर बाकावर, त्यांची बंडी मांडीवर घेऊन.

लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या,
हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या.
उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना वण,
चिमटा मी जरा वर सरकवला.
"तो पर्वतीच्या फीडरचा," ते म्हणाले,
मेहुण्यानं दिलेलं घड्याळ दाखवावं तसं.

पट्टी निघाली ती केसाळ,
सगळ्या रेषेवर बारीक काटे.
मी म्हटलं, हलू नका.
"मी कुठं हलतोय? मोजा, सेकंदाला पन्नास भरतील.
तुमची अर्थिंग सैल आहे, बाई."
चौतीस वर्षं बोर्डात, खांबावर.
पंखा बंद केला, प्लग दाबून धरला.
रेषा धुतल्यासारखी झाली.

"किती व्होल्ट?"
दहा बारीक चौकोन उंच म्हणजे एक मिलिव्होल्ट.
ते छताकडे बघत राहिले.
"बावीस हजारावर चढायचो मी,
आणि आत एवढ्यावर भागतं?"
हसले. हसण्याचा कागदावर डोंगर झाला,
पट्टी परत काढावी लागली.

लीड टू मी लांबवली.
छोटी टेकाडं येत होती, वेळेवर, सारख्या अंतरानं.
सुळकेही येत होते सारख्या अंतरानं,
पण आपल्याच चालीनं, मिनिटाला चौतीस.
टेकाडाला सुळका ओळख देत नव्हता.
एका घरात दोन चुली.

आम्ही काही बोलायचं नसतं.
नाव, वय, वेळ लिहायची, चेहरा कोरा ठेवायचा.
हे कोर्सला शिकवत नाहीत.
पहिल्याच वर्षी एका बाईनं माझ्या भुवया वाचल्या,
तेव्हा शिकले.

त्यांनी कागदाचं गुलाबी टोक बोटानं उचललं.
"वरून सप्लाय येतोय.
मधे कुठंतरी जंपर उडालाय,
खालचे आपापला जनरेटर लावून बसलेत."
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
"सांगू देत की. तुम्ही एवढंच सांगा,
अंधार झालाय का?"
नाही.
एक शब्द. तोही माझ्या कामात बसत नाही.

पट्टी घेऊन मी जिन्यावरून धावले नाही,
भराभर चालले. धावलं की सुना ओळखतात.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला,
चष्मा खाली आणला, फोन उचलला.

हा कागद टिकत नाही.
उन्हात राहिला तर काही वर्षांत सुळके विरतात,
उरतात नुसते चौकोन.
मी प्रत्येकाला सांगते, झेरॉक्स काढून ठेवा.
आज सांगायचं राहिलं.

परत आले तर पलंग रिकामा.
उघड्या अंगानं, छातीवर फुग्यांची सहा लाल वर्तुळं घेऊन
ते भिंतीशी उकिडवे बसलेले,
सॉकेटमध्ये डोकावत.
झोपा आधी! मी ओरडलेच.
"झोपतो. स्क्रू ड्रायव्हर आहे का?
पुढच्या माणसाला काटे यायचे."